समोरच्या फ्लॅटचा कॅमेरा थेट आमच्या दारावर. चालतं का हे?

कोथरूडकर: मजल्यावर दोनच फ्लॅट, दारं समोरासमोर. समोरच्यांनी दारावर कॅमेरा बसवलाय. आमचं दार उघडलं की हॉल पार ओट्यापर्यंत त्यात दिसतो. सेक्रेटरी म्हणतात, "तुम्हाला लपवायचंय काय?" चोर पकडायला जिना आणि लिफ्ट दिसली तरी पुरे. माझ्याकडे कोण कधी आलं, याची नोंद शेजाऱ्याच्या मोबाइलमध्ये कशाला? मतं सांगा. 'घर बदला' सोडून.

खमक्या_काकू: मीही लावलाय आणि काढणार नाही. नवरा फिरतीवर, सासूबाई ऐंशीच्या पुढे. भरदुपारी 'गॅस तपासायचाय' म्हणत कुणीही बेल वाजवतं. आता दार न उघडता बोलता येतं. खालची सायकल चोरीला गेली तेव्हा अख्खी बिल्डिंग माझ्या दारात फूटेज मागत उभी होती. तेव्हा बरी कुणाची प्रायव्हसी आडवी आली नाही! पॅसेज सामाईक आहे.

शंकासुर: सामाईक म्हणजे तुमचा एकटीचाही नाही की, काकू. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांच्या वादात कलकत्ता उच्च न्यायालयाने राहत्या भागातले कॅमेरे दुसऱ्याच्या संमतीशिवाय चालवायला मनाई केली. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल बदलला नाही.

खमक्या_काकू: ते घराच्या आतलं झालं. मी दारावर लावलाय.

शंकासुर: तो फरक मान्य. आपल्या २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातून घरगुती वापर वगळलाय, त्यामुळे तिथेही तुम्ही सुटता. युरोपात मात्र सुटला नसता. चेक प्रजासत्ताकातल्या एका प्रकरणात युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१४ सालीच सांगितलं, की घरचा कॅमेरा सार्वजनिक रस्ता टिपत असेल तर तो निव्वळ घरगुती वापर नाही.

वायरमन: कोर्टापर्यंत कशाला जाताय? मी हेच काम करतो. बऱ्याच कॅमेऱ्यांत प्रायव्हसी मास्क असतो. ॲपमध्ये समोरच्या दारावर चौकोन ओढायचा, तेवढा भाग काळा येतो, रेकॉर्डही होत नाही. माइक वेगळा बंद करता येतो. गिऱ्हाईक हे विचारतच नाही, त्याला 'सगळं दिसलं पाहिजे'. आणि पासवर्ड? कंपनीतून आला तोच! २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने असलेच कॅमेरे आणि राउटर प्रचंड संख्येने ताब्यात घेतले होते. काकू, तुमचा बदललाय ना?

खमक्या_काकू: बदलते. पण त्या काळ्या चौकोनातच कुणी येऊन उभं राहिलं तर?

गच्चीवरची_मैना: सगळे शेजाऱ्यांबद्दलच बोलताय. हॉलमध्ये कॅमेरा लावून कामवाल्या मावशींवर दिवसभर नजर ठेवतात, त्याचं काय? त्यांना कुणी विचारतं? ओळखीतली एक बाई ऑफिसात बसून स्पीकरवरून ओरडते, "कोपरा राहिला!" तिला चोराची भीती नाहीच, फुकटचा मुकादम हवाय. या धाग्यावरचे किती जण मावशींना सांगतात की कॅमेरा चालू आहे?

खमक्या_काकू: स्वयंपाकघरात मीसुद्धा लावणार नाही. तेवढं पटलं.

कोथरूडकर: मैना, मुद्दा रास्त आहे, पण त्यावर वेगळा धागा काढा. वायरमन, ॲप त्यांचं, मोबाइल त्यांचा. चौकोन ओढलाय की नाही हे मला कळणार कसं?

वायरमन: त्यांच्या मोबाइलवर चित्र दाखवा म्हणा. नाही म्हणाले तर कॅमेरा जिन्याकडे वळवायला सांगा. दोन स्क्रूचं काम आहे.