ओहायोच्या व्हिंटेज मोटरसायकल वीकेंडला बाबांना घेऊन तंबूत राहायचं का?

सांगलीवाला_डब्लिन

मंडळी, एक सल्ला पाहिजे. जुलैमध्ये मिड-ओहायोच्या ट्रॅकवर एएमएचे (अमेरिकन मोटरसायकलवाल्यांची संघटना) व्हिंटेज मोटरसायकल डेज असतात, लेक्सिंग्टनला. माझ्या घरापासून (डब्लिन, ओहायो) तासाभराचा रस्ता, आणि इतकी वर्षं इथं राहून एकदाही गेलेलो नाही. यंदा आई-बाबा सांगलीहून आलेत सहा महिन्यांसाठी आणि बाबांची अवस्था काय सांगू, टीव्ही बघून झाला, गवत कापून झालं, शेजारच्या म्हाताऱ्याशी खुणांनी गप्पा मारून झाल्या, आता रोज सकाळी विचारतात आज काय करायचं. त्यांच्याकडे जावा होती, म्हैसूरची, सेकंडहँड घेतलेली, ती विकल्याला तीस वर्षं झाली तरी अजून नंबर पाठ आहे.

तर प्रश्न असा की एक दिवस जाऊन यायचं का शुक्रवार ते रविवार तंबू ठोकून राहायचं? वय ६९, बीपीची गोळी आहे, एक गुडघा कुरकुरतो, रात्री दोनदा उठतात. आणि नुसती रेस तीन दिवस काय बघायची, मला स्वतःला त्यातलं फार कळत नाही. आईनं आधीच सांगितलंय, मी धुरात बसायला येणार नाही.

मिशिगनचा_मावळा

राहा. एक दिवसात काही होत नाही तिथं. मी चार वेळा गेलोय डेट्रॉईटकडून, अडीच तास लागतात, आणि पहिल्या वर्षी मी पण हीच चूक केली, शनिवारी सकाळी गेलो, संध्याकाळी परत आलो, आणि घरी आल्यावर कळलं की अर्धं बघितलंच नाही.

रेसचं टेन्शन घेऊ नको. रोड रेस हा त्यातला एक भाग. मेन ट्रॅक २.४ मैलांचा, कीहोल नावाचं वळण आहे तिथून बाहेर पडून गाड्या मागच्या सरळ रस्त्यावर जातात, तिथल्या गवताच्या उतारावर खुर्ची टाकून बसायचं. पण माझ्या मते खरी मजा पॅडॉकमध्ये, म्हणजे रेसर गाड्या तयार करतात त्या आवारात. तिथं फिरता येतं, गाडी उघडून बसलेल्या माणसाला विचारता येतं काय करताय म्हणून, आणि रेसर म्हणजे कोण, तर बरेचसे तुझ्या बाबांच्याच वयाचे. केस पांढरे, पोट सुटलेलं, लेदरचा सूट चढवायला बायको मदत करतेय, आणि मग तोच माणूस जुनी नॉर्टन घेऊन असा झुकतो वळणात की आपल्या पोटात गोळा येतो.

आणि एक वास येईल, गोडसर जळका. बाबांना विचार ओळखतात का. काही जण अजून जुन्या पद्धतीचं रेसिंग ऑइल घालतात, ते एरंडेलाचं असतं. आपण लहानपणी नाक दाबून प्यायलो तेच. कॅस्ट्रॉल हे नावसुद्धा कॅस्टरवरूनच आलंय.

जावावाल्या माणसाला मोटोक्रॉसला (मातीच्या चढउतारांवरची रेस) नक्की ने. तिथं सीझेड दिसतील, चेक कंपनी, जावाची सख्खी बहीण म्हण. एके काळी मोटोक्रॉसमध्ये यांनी धुमाकूळ घातला होता, पॉल फ्रीड्रिक्स १९६६, ६७, ६८ असा लागोपाठ तीन वर्षं ५०० सीसीचा वर्ल्ड चॅम्पियन सीझेडवर झाला. आपल्याकडं जावा म्हणजे दुधाच्या किटल्या लावून फिरणारी गाडी, आणि तिची बहीण तिकडं जग जिंकत होती.

गुडघ्याचं म्हणत असशील तर ट्रायल्स बघा. दगडधोंड्यातून, ओढ्यातून गाडी हळूहळू काढायची, पाय टेकला की मार्क जातो. आवाज कमी, बऱ्यापैकी झाडी, अगदी जवळून बघता येतं. आमचे सासरे तिथून हललेच नाहीत.

स्वॅप मीटवर वेगळं लिहायला पाहिजे. शेतच्या शेत भरून जुने पार्ट मांडलेले असतात, ताडपत्रीवर, ट्रकच्या मागं, खोक्यात. पुण्याचा जुना बाजार डोळ्यासमोर आण आणि त्यातल्या चपला, घड्याळं काढून फक्त मोटरसायकल ठेव. चांगला माल शुक्रवारी सकाळीच जातो. स्वस्त माल रविवारी दुपारी, कारण परत घरी ओढून न्यायचा कंटाळा आलेला असतो लोकांना. कॅश ठेव, सुट्या नोटांत.

क्लीव्हलंडची_सून

वरच्या दादांनी सगळं खरं लिहिलंय पण पावसाचं लिहायचं सोयीस्कर विसरलेत 😄

आम्ही सासऱ्यांना घेऊन गेलो होतो. दिवसभर कडक ऊन, दमट, अंगाला कपडा चिकटतो, आणि संध्याकाळी एकदम विजा. आमचा तंबू उताराच्या खालच्या बाजूला, कारण तिथं सावली होती म्हणून मी शहाणपणा केला होता. रात्री अकराला आमच्या गाद्या तरंगत होत्या. तिघं गाडीत बसून झोपलो आणि सकाळी त्याच गाडीचं चाक चिखलात रुतलं, ट्रॅक्टरनं ओढून काढलं. सासरे खूश, मी नाही.

म्हणून: तंबू उंचावर लावा, सावली नसली तरी चालेल, डोक्यावर वेगळी कॅनोपी लावायची. वीज कडाडली की तंबूत थांबू नका, गाडीत बसा. मुख्य वाटेपासून लांब राहा कारण लोक जुन्या मोपेड आणि त्या पिटुकल्या मिनीबाईकवर रात्री उशिरापर्यंत फिरत असतात, भुर्रर्र भुर्रर्र, आणि कितीही हौस असली तरी रात्री एक वाजता त्याचं कौतुक राहत नाही. इअरप्लग दिवसाला पण लागतात आणि झोपायला पण. गोचीड असतात गवतात, काकांना फुल पँट आणि मोजे घालायला लावा, रात्री पाय तपासा.

टॉयलेट बहुतेक ते प्लॅस्टिकच्या खोक्यातले. शनिवारी संध्याकाळपर्यंत त्यांची काय दशा होते ते लिहीत नाही. दोनदा उठणाऱ्या माणसासाठी तंबू तिथून चालत दोन मिनिटांत हवा, पण वारा त्या बाजूनं यायला नको. हातात टॉर्च, आणि तंबूच्या दोऱ्यांना पांढरं कापड बांधा, अंधारात पाय अडकतो. उंच कॉट घ्या, जमिनीवरच्या गादीवरून त्या वयात उठवत नाही. आणि स्पष्ट सांगते, एक रात्र तंबूत आणि दुसरी जवळच्या मॅन्सफिल्ड गावात मोटेलमध्ये असं केलंत तर कमीपणा नाही. मोटेल मात्र आधी बुक करा.

खाण्याचं, तिथं बर्गर आणि तळलेलं. मी दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भडंग आणि कूलरमध्ये ताक नेलं होतं. शेजारच्या तंबूतला माणूस भडंग खाऊन दोनदा परत आला.

टू_स्ट्रोक_जिंदाबाद (पुणे)

दादा राहा का जा ते तुम्ही ठरवा, माझं एक काम करा 🙏 माझ्याकडं राजदूत ३५० आहे, म्हणजे आपल्याकडं एस्कॉर्ट्सनं बनवलेली यामाहाची आरडी ३५०, त्यातलं कमी ताकदीचं लो टॉर्क मॉडेल. क्रँकचे ऑइल सील आणि रीड व्हॉल्व्हच्या पत्त्या पाहिजेत, ओरिजिनल यामाहा. इथं जे मिळतं ते दोन महिन्यांत सिगारेटच्या कागदासारखं होतं. अमेरिकेत आरडी ३५० ढिगानं विकली गेली होती ७३ ते ७५, तिथल्या त्या बाजारात नक्की असणार. त्यांच्या गाडीला पुढं डिस्क ब्रेक होता, आपल्याला ड्रम दिला आणि मग आपण तीस वर्षं देवाच्या भरवशावर ब्रेक मारत आलो. डिस्कचा सेट मिळाला तर... नको, राहू दे, सीलच बघा.

मिशिगनचा_मावळा

@टू_स्ट्रोक आरडीचे पार्ट असतात भरपूर. पार्ट नंबर लिहून दे, फोटो दे, मापं दे, नुसतं "आरडीचे सील" म्हणून काही घेऊ नका, सारखे दिसणारे चार प्रकार असतात. आणि @सांगलीवाला, बॅगेत पार्ट न्यायचे असतील तर सील, पत्त्या ठीक. कार्बोरेटर, टाकी असलं जुनं काही घेतलंस तर पेट्रोलचा वास पूर्ण जाईपर्यंत धुऊन वाळवून ने, विमानात वास आला की काढून ठेवतात. माझा एक कार्बोरेटर असाच गेला.

ताईंचं बरोबर आहे, पाऊस विसरलो. लाकूड पण विसरलो. शेकोटीचं लाकूड घरून नेऊ नका, जवळपासच विकत घ्या. ॲश झाडं खाणारा किडा असाच लाकडातून पसरलाय, पहिल्यांदा आमच्या मिशिगनमध्येच सापडला २००२ ला, त्यामुळं मला तिकडं आधीच टोमणे बसतात.

सांगलीवाला_डब्लिन

जाऊन आलो. उशिरा लिहितोय, माफी.

दोन्ही रात्री तंबूतच काढल्या, मोटेल बुक केलं होतं पण बाबा हलायला तयार नाहीत. पाऊस शनिवारी आला, तंबू उंचावर होता, वाचलो. @क्लीव्हलंडची_सून ताई, पांढऱ्या कापडाचे उपकार आहेत.

रेस त्यांनी तासभर बघितली. नंतर स्वॅप मीटमध्ये एकाकडं जुनी जावा दिसली, तांबडी, टाकीला क्रोम, आणि तो माणूस गिऱ्हाइकाला सांगत होता की हिला किक नाहीये. बाबा पुढं झाले, गिअरचा दांडा आत दाबला, वर फिरवला, आणि तीच किक. तीन किकमध्ये चालू. मग दोघं तासभर बोलत होते, एक मराठीत, एक इंग्रजीत, मी मध्ये भाषांतर करायला गेलो तर दोघांनी मला गप्प केलं. क्लच न दाबता गिअर पडतो हे त्यांनी त्याला दोन्ही हात वर करून दाखवलं, आजूबाजूचे टाळ्या वाजवत होते. आपले सगळे दौरे त्या जावावाल्याच्या खुर्चीभोवती झाले पुढचे दोन दिवस, सीझेड बघितल्या त्या पण त्याच माणसाबरोबर.

@टू_स्ट्रोक_जिंदाबाद सील मिळाले, दोन सेट, नंबर जुळवून घेतलेत. पत्त्या एकच सेट. घासाघीस बाबांनी केली, रविवारी दुपारी, बोटांवर. बाबा ऑक्टोबरात परत येताहेत, पुण्याला उतरल्यावर घ्या. आई म्हणतेय कपड्यांना वास लागला तर परत अमेरिकेला येणार नाही.

टू_स्ट्रोक_जिंदाबाद (पुणे)

काकांना साष्टांग. मी एअरपोर्टला येतो घ्यायला. आरडीवर नाही, कारनं येतो, ब्रेक आहेत तिला.

बाय द वे डिस्कचा सेट दिसला होता का हो? सहज विचारतोय.