शब्दचर्चा : शिकवणाऱ्यांच्या ‘व्यावसायिक विकासा’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न, कणकवली

नमस्कार मंडळी. आमच्याकडे उल्लास या केंद्र सरकारच्या साक्षरता कार्यक्रमात मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवणाऱ्या स्वयंसेवकांचं दोन दिवसांचं शिबिर आहे आणि त्याची पुस्तिका माझ्या गळ्यात पडली आहे. हाती आलेल्या मसुद्याचा मथळा असा : ‘स्वयंसेवकांचा सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास व आजीवन अध्ययन’. तो मी स्वयंसेवकांच्या गटावर टाकला, तर पहिलंच उत्तर आलं, ‘‘बाई, दुकान टाकूक कर्ज गावतला काय?’’ (म्हणजे, दुकान टाकायला कर्ज मिळेल का?)

सगळे हसले, पण विचारणारीचं चुकलं काय? ‘व्यावसायिक विकास’ आणि ‘आजीवन अध्ययन’ या दोन्हींना लोकांच्या तोंडी बसतील असे शब्द सुचवा. ‘प्रशिक्षण’ सुचवू नका, ते आहेच.

रत्नागिरी

तिचं काही चुकलं नाही. ‘व्यावसायिक’ या एका शब्दाकडून आपण भलतीच कामं करून घेतो. आयटीआयमधलं व्यावसायिक शिक्षण म्हणजे पोटापाण्याचं कसब. व्यावसायिक सिलिंडर म्हणजे खाणावळवाल्याचा. व्यावसायिक नाटक म्हणजे हौशी नव्हे ते. तुमच्या मसुद्यातला अर्थ चौथाच आहे, आपल्या कामात मुरत जाण्याचा. गीतेतल्या ‘व्यवसायात्मिका बुद्धी’मधला व्यवसाय म्हणजे निश्चय. तो अर्थ मराठीत टिकला असता तर मथळा चालून गेला असता.

हा शब्दप्रयोग आला शाळेकडून. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळेच्या शिक्षकाला वर्षाकाठी किमान ५० तास ‘सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास’ सांगितला आहे. शिक्षकाला पगार आहे, सेवापुस्तक आहे, तिथे तो शोभतो. स्वयंसेवक बिनपगारी. त्याच्या कामाला व्यवसाय म्हणायचं आणि वर त्याचा विकास करायचा, ही जरा थट्टाच वाटते. ‘सेवांतर्गत प्रशिक्षण’ही म्हणता येणार नाही, कारण तो सेवेत आहे कुठे?

वेंगुर्ला

‘वृत्तिविकास’ कसा वाटतो? वृत्ती म्हणजे उपजीविका हा अर्थ जुना आहे.

रत्नागिरी

जुना आहे, पण आज वृत्ती म्हणजे स्वभाव. ‘वृत्तिविकास शिबिर’ असा फलक लावलात तर लोक म्हणतील, यांची वृत्ती सुधारायला पाठवलंय.

दापोली

मी ‘आजीवन’वर बोलतो. ऐकल्याबरोबर पुढे ‘कारावास’ येतो, ही तक्रार नेहमीची. पण कोकणातल्या महाविद्यालयांत शिकलेल्यांना तो शब्द परका नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाची, आणि तिथला ‘आजीवन अध्ययन व विस्तार विभाग’ पोरांना ‘डीएलएलई’ म्हणून पाठ असतो. पूर्वी त्याच्या नावात ‘प्रौढ व निरंतर शिक्षण’ होतं. म्हणजे आधी प्रौढ नि निरंतर, मग आजीवन. पाट्या बदलत गेल्या.

‘निरंतर’ आणि ‘आजीवन’ एक नव्हेत, हेही सांगून ठेवतो. निरंतर म्हणजे मध्ये खंड नाही ते. आपल्याकडे मोठ्यांचं शिकणं निरंतर कधीच नसतं. भातलावणी आली की वर्ग बंद, आंब्याचा हंगाम आला की बंद, गणपतीत तर विचारूच नका. तरी माणूस शिकत राहतो. खंड पडत पडत जन्मभर चालतं ते आजीवन. म्हणून मसुद्यातला हा अर्धा भाग मला मान्य आहे.

आता एक गंमत. वाचनालयाचे ‘आजीव सभासद’ असतात ना? संस्कृतात ‘आजीव’ म्हणजे उपजीविका, आणि ‘आजीवन’चाही कोशातला अर्थ उपजीविकेचं साधन असाच आहे. ‘आजीविका’ त्याच घरातली. म्हणजे एखादा पंडित तुमचा मथळा वाचून म्हणेल, दोन्हीकडे तेच लिहिलंय, एक खोडा.

वेंगुर्ला

वा! पण पंडित शिबिराला येणार नाहीत. बोलताना मी ‘जन्मभर शिकणं’ म्हणेन. ‘हयातभर’ नको, त्याने पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला आठवतो.

मालवण

मी साक्षरता अभियानापासून या कामात आहे, म्हणून थोडं लांबण लावतो. शिकवणाऱ्याला काय म्हणायचं यावरच सरकारचं मन कधी स्थिर नव्हतं. २ ऑक्टोबर १९७८ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा तो ‘अनुदेशक’ होता. १९८८मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन आलं आणि पुढच्या अभियानांत ‘स्वयंसेवक’ आला. २००९च्या साक्षर भारतमध्ये केंद्र सांभाळणारा ‘प्रेरक’ आला. आता पुन्हा स्वयंसेवक. शिकणाऱ्याचंही तेच : अडाणी, निरक्षर, आता कागदोपत्री असाक्षर. आपला सिंधुदुर्ग महाराष्ट्रातला पहिला संपूर्ण साक्षर जिल्हा म्हणून स्पर्धा परीक्षेची पोरं पाठ करतात. पण त्या मिशनचा भर १५ ते ३५ वयावर होता. तेव्हा पन्नाशीची असलेली बाई त्या ‘संपूर्ण’मध्ये धरलेलीच नव्हती. आता १५च्या पुढचे सगळे धरतात.

बरं, शिकवणाऱ्याला नेमकं काय शिकायचं असतं ते सांगतो, म्हणजे शब्द सापडेल. माझ्या वर्गात मासे विकणारी एक बाई होती. १८० रुपयांचा वाटा, तिने तीन वाटे दिले. मी पाटीवर गुणाकार मांडला : शून्याचं शून्य, आठ त्रिक चोवीस, चार मांडले, हातचे दोन... मी हातचे मिळवायच्या आत तिने ‘पाचशे चाळीस’ सांगितलं. कसं, म्हटलं. तर म्हणाली, ‘‘दोनशाचे तीन सहाशे, वीस वीस कमी केले, साठ गेले.’’ ती डावीकडून, मोठ्या आकड्याकडून चालते आणि माझी पाटी उजवीकडून, एककापासून. मी तिला ‘हातचा’ शिकवायला लागलो आणि दोन दिवसांत तिचा येणारा हिशेबही अडखळायला लागला. तिला गणित येत होतं, लिहिणं येत नव्हतं. मग तिचीच रीत पाटीवर मांडली, ६०० − ६० = ५४०, आणि वजाबाकीचं चिन्ह तिला तिथेच कळलं. हातचा पुढे सावकाश आला.

काजूच्या कारखान्यातल्या बायांचं वेगळं. टरफलाच्या चिकाने बोटं काळी झालेली, कातडी सोललेली. पेन्सिल धरवत नाही, म्हणून त्या ‘माका येना’ म्हणतात. नवा स्वयंसेवक समजतो, हिला अक्षर कळत नाही. हे ओळखणं डीएडला शिकवत नाहीत, कारण तिथे समोर सहा वर्षांचं पोर धरलेलं असतं. मोठ्या माणसाला शिकवणं म्हणजे लहानाला शिकवणं सावकाश करणं नव्हे. याला जो शब्द सुचवाल तो सुचवा, ‘विकास’ म्हणू नका.

सावंतवाडी

मालवणकर सरांनी वाट मोकळी केली. माझा शब्द ‘तयारी’. आपल्याकडे डबलबारीला, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याला, बसलेले लोक काय म्हणतात? ‘बुवाची तयारी चांगली आहे.’ त्यात बुवा काय शिकून आला ते आहे, रोज किती बसतो ते आहे, आणि समोरच्या बुवाने अनपेक्षित गजर टाकला तर सावरतो कसा, तेही आहे. शिकवणाऱ्यालाही तेच लागतं. ‘शिकवणाऱ्यांची तयारी’, बस्स.

रत्नागिरी

‘तयारी’ आवडला. मी ‘उजळणी’ सुचवणार होतो, कारण प्राध्यापकांच्या उजळणी वर्गामुळे तो रुळलेला आहे. पण उजळणी म्हणजे आधी येत होतं ते घासूनपुसून घेणं. जुन्या शाळांत पाढे-पावकी-निमकीच्या पुस्तकालाच उजळणी म्हणत. मालवणकरांनी सांगितलं ते बहुतेकांना आधी येतच नाही, मग उजळणार काय?

दापोली

एक शंका. ‘परीक्षेची तयारी’ म्हटलं की ती परीक्षेपाशी संपते. स्वयंसेवक विचारतील, आमची पण परीक्षा आहे का?

सावंतवाडी

परीक्षा आहे ती शिकणाऱ्यांची. वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी ५० असे १५० गुण. तुमच्या शंकेवर उपाय सोपा आहे. ‘परीक्षेची तयारी’ करतात, ‘बुवाची तयारी’ असते. पुस्तिकेत क्रियापद जपून वापरा, ‘तयारी वाढवणे’ म्हणा.

वेंगुर्ला

जाता जाता ‘प्रौढ’बद्दलही विचारते. पुस्तिकेत ‘प्रौढ’ ठेवणार का? पंधरा वर्षांच्या मुलीला प्रौढ म्हटलं तर तिची आई मारायला धावेल. आपल्याकडे लग्नाच्या जाहिरातीतच ‘प्रौढ’ उरलाय, नाहीतर ‘प्रौढी मिरवणे’त.

दापोली

केंद्र सरकारने २०२२ साली हेच कारण देऊन ‘प्रौढ शिक्षण’ऐवजी ‘सर्वांसाठी शिक्षण’ घेतलं. १५ वर्षांपुढचे सगळे ‘प्रौढ’ या शब्दात मावत नाहीत म्हणून. पण ‘सर्वांसाठी’त तर बालवाडीही मावते! मताधिकार मात्र अजून प्रौढच आहे, तिथे कुणाची हरकत नाही.

प्रश्नकर्ती, कणकवली

सर्वांचे आभार. मथळा असा करते : ‘मोठ्यांना शिकवणाऱ्यांची तयारी’. आत पहिल्या पानावर ‘जन्मभर शिकणं’, आणि अहवालात मात्र ‘आजीवन अध्ययन’च लिहीन, नाहीतर फाइल परत येईल. मालवणकर सर, १८०च्या वाट्याचं उदाहरण तसंच्या तसं घेऊ का? आकडे तेवढे बदलते, आमच्याकडे त्या दरात वाटा आता कोण देत नाही.

मालवण

घ्या. फक्त दर असा धरा की जवळचा शंभर सहज दिसेल. २९० चालेल, २७५ नको.