कामं करताना लक्ष जागेवर कसं ठेवायचं?

गुळवेल: बसून दहा मिनिटं श्वास पाहणं जमतं. उठून कामाला लागलं की संपलं. भांडी घासून होतात, पण डोकं भलतीकडेच असतं. कामातसुद्धा श्वासच धरायचा का? आणि आकडे मोजलेले चालतात का?

उंबरठा: कामात श्वास नको, दोन दगडांवर पाय होतो. हातातलं काम हेच आलंबन, म्हणजे लक्ष टेकवायची जागा. भांड्यांत एकच गोष्ट धरा: तेलकटपणा निघाला की ओल्या ताटावरून बोट सरकायचं थांबतं आणि करकर वाजतं. तो क्षण प्रत्येक भांड्याला पकडायचा. तोही पहिल्या पाच भांड्यांपुरताच, पुढचा ढिगारा नेहमीसारखा उपसा. 'आज दिवसभर सजग राहायचं' असं ठरवणारे दुपारपर्यंत वैतागतात.

आधण: माझं मत चहाला, कारण त्यात चूक आपोआप कळते. पाणी तापायला लागलं की सूं असा आवाज चढत जातो. तळाशी झालेले वाफेचे बुडबुडे वरच्या कमी तापलेल्या पाण्यात मिटतात, त्याचा तो आवाज. सगळं पाणी तापलं की बुडबुडे वरपर्यंत पोचतात आणि खळखळ सुरू व्हायच्या जरा आधी आवाज खाली येतो. तो उतार कानांनी पकडायचा. एकदम खळखळच ऐकू आली तर समजा, मन बाहेर फिरायला गेलं होतं. स्वतःवर चिडू नका, उद्याही चहा आहेच. दोन कप पाण्याला काही मिनिटंच लागतात. तेवढा वेळ मोबाइल दुसऱ्या खोलीत. चिमणी किंवा एक्झॉस्ट चालू असेल तर मात्र काही ऐकू येणार नाही.

पारिजात: मोजणीबद्दल. गोयंका गुरुजींच्या विपश्यना परंपरेत (इगतपुरीचं धम्मगिरी केंद्र वगैरे) आनापानात, म्हणजे येणारा-जाणारा श्वास पाहताना, आकडा, मंत्र काही जोडत नाहीत. नुसता नैसर्गिक श्वास. 'विशुद्धिमग्ग' या जुन्या बौद्ध ग्रंथात मात्र मोजणी आहे: पाचाच्या आत थांबू नये, दहाच्या पुढे जाऊ नये. आत थांबलं तर अरुंद गोठ्यात कोंडलेल्या गुरांसारखं मन धडपडतं. पुढे गेलं तर ते श्वास सोडून आकड्याला चिकटतं. बसून करताना मोजा, कामात नको. आकडा श्वास सोडून झाल्यावर म्हणा. आधी म्हटला की श्वास आकड्यामागे ओढला जातो, खोल आणि भराभर होतो, आणि हलकं गरगरतं. तसं झालं तर मोजणी बंद, श्वास आपल्या गतीने चालू द्या. चौदा-पंधरापर्यंत पोचल्याचं लक्षात आलं तर पुन्हा एकपासून.

गुळवेल: चहापासून सुरू करते. स्कूटरवर काय धरायचं?

उंबरठा: काहीच नाही. रस्ता, आरसे, पुढच्या गाडीचा ब्रेकलाइट. सिग्नलला थांबल्यावर फार तर हँडलवरची मूठ किती आवळली आहे ते बघा. बहुतेक वेळा गरजेपेक्षा जास्त असते.