शब्दचर्चा : आण, भाक आणि शपथ

प्रश्न :
घर आवरताना आजोबांनी माझ्या वडिलांना लिहिलेलं एक जुनं पत्र सापडलं. त्यात एक वाक्य आहे : "विहिरीच्या पाण्याची पाळी मी त्यांना भाक देऊन ठरविली आहे, कागद केलेला नाही." 'आणाभाका' मी ऐकलंय, तेही प्रेमकथांमध्ये. नुसती 'भाक' पहिल्यांदाच वाचली. भाक म्हणजे शपथच का? मग आण म्हणजे काय? आणि तिन्ही एकच असतील तर आजोबांनी 'शपथ घेऊन' असं का लिहिलं नाही?

उत्तर :
तिन्ही एक नाहीत. आजोबांनी नेमका शब्द वापरला आहे आणि तो वाचून मला फार बरं वाटलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी शपथ. हा शब्द संस्कृत 'शप्' धातूपासून आला आणि त्याच धातूपासून 'शाप'ही आला. म्हणजे शपथ ही मुळात स्वतःला दिलेला शाप आहे : मी खोटं बोलत असेन तर माझं वाईट होवो. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात (७.१०४.१५) वसिष्ठाच्या तोंडी "अद्या मुरीय यदि यातुधानो अस्मि" असं आहे. मी जादूटोणा करणारा असेन तर आजच मरेन. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातही वसिष्ठाने पैजवन राजापुढे शपथ घेतल्याचा उल्लेख येतो.

शाळेत आपण गळ्याची कातडी चिमटीत धरून "गळ्याशप्पथ" म्हणायचो, ते याच जातीचं. गळा गहाण. 'आईशप्पथ' म्हणताना तर आपण गहाण आईला ठेवतो. माझी आजी हा शब्द ऐकला की हातातलं काम टाकून यायची आणि "सुटली म्हण, आधी सुटली म्हण" म्हणत समोर उभी राहायची. "सुटली" म्हणेपर्यंत ती हलत नसे. लहानपणी मला तो तिचा हट्ट वाटायचा. तिला मात्र शपथेतला शाप ऐकू येत होता, आपल्याला तो ऐकू येईनासा झालाय.

आता आण. हिचं कूळ वेगळं. संस्कृत आज्ञा, प्राकृत आणा, मराठी आण. नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमीपुत्र सातकर्णीचा एक लेख आहे. त्यात राजा गोवर्धनच्या अमात्याला हुकूम देतो, तिथे क्रियापद आहे 'आनपयति', म्हणजे आज्ञा करतो. सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा हा लेख. आपली आण त्याच घरातली. शेजारच्या कन्नडमध्येही 'आणे' म्हणजे शपथ, 'देवराणे' म्हणजे देवाशप्पथ.

हुकमाची शपथ कशी झाली, ते वापरातून कळतं. शपथ माणूस बहुधा स्वतः घेतो. आण मात्र दुसऱ्याला घालता येते : "तुला माझी आण आहे, पाऊल बाहेर टाकशील तर." यात अडवणं आहे. कुणाच्या तरी अधिकाराने, देवाच्या, राजाच्या, नाहीतर स्वतःवरच्या मायेच्या अधिकाराने, समोरच्याला बांधून टाकायचं. म्हणून आण बहुतेक वेळा नकाराबरोबर येते : जाऊ नकोस, बोलू नकोस, उपाशी राहू नकोस. आण 'वाहतात' असंही म्हणतात, देवाला फूल वाहावं तसं. मराठी बायबलातही "शपथ वाहूच नका" असंच आहे, आणि पुढे म्हटलंय की तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही एवढंच असावं.

आणि तिथेच भाक येते. मला पटणारी व्युत्पत्ती अशी : भाषा, भाखा, भाक. उत्तरेत ब्रजभाषेला 'भाखा' म्हणत आलेत. शेवटच्या 'ख'चा आपल्याकडे 'क' होतो हे आपण रोज पाहतो. हिंदीत भूख, मराठीत भूक. हिंदीत भीख, मराठीत भीक. तशी भाखाची भाक. म्हणजे भाक देणं म्हणजे आपलं बोलणं दुसऱ्याच्या हवाली करणं. वचन हेही 'वच्' म्हणजे बोलणे यावरूनच. "मी शब्द दिलाय" म्हणतो तेव्हा तेच. या कुळात शाप नाही, हुकूम नाही, गळा किंवा आई गहाण नाही. देणारा स्वतःचं बोलणं देतो आणि घेणारा तेवढ्यावर विसंबतो. आजोबांच्या वाक्यात पुढे "कागद केलेला नाही" आहे, ते भाकेच्या अर्थाशी इतकं जुळतं की मला तो योगायोग वाटत नाही.

व्याकरणाचं : ती भाक, त्या भाका, ती आण, त्या आणा. म्हणून 'आणाभाका' हे दोन्हीचं अनेकवचन. एकमेकांना बांधणं आणि एकमेकांना शब्द देणं, दोन्ही वारंवार केलं की आणाभाका. प्रेमिकांपुरता तो अलीकडे उरला, हे मात्र नुकसान आहे.

प्रतिज्ञा थोडक्यात. 'प्रति' आणि 'ज्ञा' मिळून झालेला हा शब्द. न्यायशास्त्रातल्या अनुमानाच्या पाच अवयवांतला पहिला अवयव म्हणजे प्रतिज्ञा : जे सिद्ध करायचं ते आधी जाहीर मांडणं. पुढे हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. म्हणून प्रतिज्ञेला लोक समोर लागतात, भीष्माची असो की शाळेतली. (शाळेतली 'भारत माझा देश आहे' मूळ तेलुगूत पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ साली लिहिली.) संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत "ईश्वरसाक्ष शपथ" आणि "गांभीर्यपूर्वक दृढकथन" असे दोन पर्याय आहेत. ज्याला देव साक्षीला नको त्याने दृढकथन करावं. ते दृढकथन म्हणजे कायद्याच्या पोशाखातली भाकच, असं मला वाटतं.

शब्दाला हातातली वस्तूही लागायची, ते सांगायचं राहिलं. बेलभंडार उचलणं म्हणजे बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा हातात घेऊन शपथ घेणं. दानाचा शब्द दिला की हातावरून पाणी सोडायचे. त्यावरूनच आपण बुडालेल्या पैशांवर "पाणी सोडलं" म्हणतो. सुपारी फुटली की सोयरीक पक्की. त्या विधीचं नाव वाङ्निश्चय, म्हणजे इथेही पक्कं होतं ते बोलणंच. आणि लग्नात नवरामुलगा म्हणतो ते "नातिचरामि" : मी मर्यादा ओलांडत नाही. 'ओलांडणार नाही' असा भविष्यकाळ तिथे नाही. मला हा वर्तमानकाळ फार आवडतो.

गोव्याहून भर :
आमच्या कोंकणीत 'भास' म्हणजे भाषा आणि वचनही. ख्रिस्ती लोक वचनदत्त देशाला 'भासावणेची भुंय' म्हणतात. एरवी "हांवें उतर दिलां" म्हणतो, उतर म्हणजे शब्द. तुमची भाक आम्हाला परकी नाही. देवळात देवाचा कौल घेतात, तो 'कौल' यात बसतो का?

उत्तर :
छान बसतो. कौल अरबी, मूळ अर्थ बोलणं, उक्ती. मराठेशाहीत उजाड गावी रयत परत यावी म्हणून सरकार कौल द्यायचं : या, जमीन कसा, इतकाच सारा घेऊ. त्याचा कागद तो कौलनामा. देवाचा कौल म्हणजे देवाचं बोलणं आणि निवडणुकीतला जनतेचा कौल म्हणजे जनतेचं. (घरावरच्या कौलाचा याच्याशी संबंध नाही.) वचन, शब्द, भाक, कौल, तुमचं उतर : संस्कृत, प्राकृत, अरबी, कुठूनही आलेले असोत, सगळ्यांचा मूळ अर्थ बोलणं हाच. भासेची भर मोलाची आहे, भाकेची व्युत्पत्ती तिने आणखी पक्की होते.

प्रश्नकर्ती :
मनापासून आभार. काल वडिलांना फोन करून विचारलं. 'ते' म्हणजे शेजारच्या वावरातल्या एक विधवा बाई होत्या, विहीर खोदताना त्यांच्या नवऱ्याने अंगमेहनत केली होती. आता त्यांचा नातू शेती बघतो. मोट जाऊन मोटर आली, विहीर सातबाऱ्यावर आमच्या एकट्याच्या नावावर आहे, आणि मंगळवार-शुक्रवार पाणी अजून त्यांच्याकडे जातं. मी विचारलं, कागद करून ठेवायचा का? वडील म्हणाले, "भाक दिलीय ना दादांनी. कागद कशाला?" हा शब्द त्यांच्या तोंडून मी त्याआधी कधीच ऐकला नव्हता.