चार शाखा, एकही नकाशा नाही : दवाखान्याच्या नेटवर्कच्या नोंदी कोणी ठेवायच्या आणि किती?

खाजन (धागाकर्ता)

गोव्यातील बार्देश (म्हापसा), सत्तरी (वाळपई), फोंडा आणि काणकोण या चार तालुक्यांत शाखा असलेल्या एका धर्मादाय दवाखान्याच्या व्यवस्थापन समितीवर मी काम करतो. येत्या बैठकीत रुग्णनोंदींची नवी संगणकप्रणाली घेण्याचा आणि आयुष्मान भारत डिजिटल मिशनशी, म्हणजे डिजिटल आरोग्यनोंदींच्या सरकारी योजनेशी, जोडून घेण्याचा विषय आहे. चारही शाखांच्या नेटवर्कच्या नोंदी लिहून पूर्ण होईपर्यंत एकही नवी खरेदी करू नये, असा माझा प्रस्ताव आहे. समितीत त्यावर एकमत नाही, म्हणून तो येथे मांडतो.

प्रत्येक शाखेतले काम वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या कंत्राटदाराने केले. कोणती वायर कोणत्या खोलीत जाते, राउटरचा पासवर्ड काय आहे, इंटरनेटची जोडणी कोणाच्या नावावर घेतली आहे, हे सारे त्या त्या माणसाच्या डोक्यात राहिले आणि ती माणसे आता आमच्याकडे नाहीत. म्हापसा सोडल्यास तीनही शाखांतील राउटर कारखान्यातून ज्या नेटवर्क-पत्त्यांवर (यंत्र ओळखण्याच्या आकड्यांवर) आले त्याच पत्त्यांवर, म्हणजे १९२.१६८.१ ने सुरू होणाऱ्या मालिकेवर, चालत आहेत. शाखा एकमेकींपासून अलग होत्या तोवर याचा कोणालाच उपद्रव नव्हता. परंतु व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी खाजगी जोडणी) टाकून त्या म्हापशाच्या सर्व्हरला जोडायच्या म्हटल्यावर वाळपईचा प्रिंटर आणि काणकोणचा प्रिंटर एकाच पत्त्यावर बसलेले निघतात, आणि मागणी नेमकी कोठे पाठवायची हे राउटरला ठरवता येत नाही. खाजगी वापरासाठी १९९४ पासून तीन पत्तामालिका राखून ठेवलेल्या आहेत. त्यांपैकी १० ने सुरू होणारी मालिका इतकी मोठी आहे की म्हापशाला १०.१०, वाळपईला १०.२० असे पट्टे सहज वाटून देता येतील. ही वाटणी कागदावर तासाभरात होते. मात्र कोणत्या यंत्रात पत्ता हाताने भरला आहे हे ठाऊक नसताना ती अमलात आणली, तर दुसऱ्या दिवशी ओपीडीची रांग लागल्यावर काय काय बंद पडेल हे आज कोणीही सांगू शकत नाही.

मला हवे आहे ते फार मोठे नाही. प्रत्येक शाखेसाठी एक आराखडा असावा, ज्यावर बाहेरची लाइन कोठून आत येते, राउटर व स्विच (खोल्याखोल्यांच्या वायरी एकत्र जोडणारी पेटी) कोठे आहेत आणि स्विचच्या कोणत्या पोर्टातून कोणत्या खोलीत वायर गेली आहे हे दिसेल. त्यासोबत एक नोंदवही असावी, जिच्यात प्रत्येक यंत्राचे नाव, त्याचा पत्ता, खरेदीची तारीख, इंटरनेट कंपनीचा ग्राहक क्रमांक आणि झालेला प्रत्येक बदल सहीनिशी लिहिलेला असेल. हे सर्व छापील स्वरूपात आणि सोप्या मराठीत त्याच शाखेच्या कपाटात असले पाहिजे, कारण नेटवर्क बंद पडल्यावर नेटवर्कवर ठेवलेली फाइल उघडत नाही. काणकोणला जाऊन येण्यात माणसाचा दिवस मोडतो, तेव्हा तेथील सिस्टरने आराखडा समोर धरून फोनवर वाचून दाखवावा आणि म्हापशाच्या माणसाने त्यावरून दुरुस्ती सांगावी, एवढी माझी अपेक्षा आहे.

भिरंड

अडचण आपण अचूक ओळखली आहे, पण उपाय मला पटत नाही. मी नेटवर्कच्याच व्यवसायात आहे आणि हाताने लिहिलेल्या नोंदवहीवर माझा विश्वास बसत नाही, कारण ती पहिल्या दिवशी खरी असते आणि त्यानंतर कोणी वायर इकडची तिकडे केली की कोणालाही न कळवता खोटी होते. नोंद नसेल तर तंत्रज्ञ प्रत्यक्ष तपासून पाहतो. नोंद असेल तर तो ती खरी मानून पोर्ट क्रमांक सात उपटतो आणि नंतर कळते की तेथे आता औषधालयाचा संगणक आहे. म्हणून चुकीची नोंद ही नोंद नसण्याहून अधिक घातक आहे, असे मी म्हणेन.

हे काम यंत्रांनाच करू द्यावे. व्यवस्थापन करता येणारा स्विच घेतला तर एलएलडीपीसारख्या पद्धतीने तो शेजारच्या उपकरणांची ओळख स्वतःच गोळा करतो. यंत्रांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीच्या यादीवरून कोणता पत्ता कोणाकडे आहे हे दिसते आणि राउटरची मांडणी रोज रात्री आपोआप जतन करता येते. ही माहिती ठेवायला नेटबॉक्ससारखी मोफत प्रणाली आहे, जी डिजिटलओशन या कंपनीत तयार झाली आणि २०१६ मध्ये सर्वांसाठी खुली करण्यात आली. तिच्यात नेटवर्क कसे असायला हवे ते लिहावे, प्रत्यक्षात कसे आहे ते ठरावीक काळाने तपासून घ्यावे आणि दोहोंत जो फरक निघेल तेवढाच माणसाने पाहावा. कपाटातल्या वहीला हा फरक कधीच दिसणार नाही.

सुरंगी

भिरंड यांनी सांगितलेली साधने चांगली आहेत, परंतु ती नेटवर्कला जे दिसते तेवढेच सांगतात. मी सत्तरीतील एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. आमचे रक्ततपासणीचे यंत्र सीरियल केबलने एका जुन्या संगणकाला जोडलेले आहे. त्या यंत्राला नेटवर्कचा पत्ताच नाही, त्यामुळे या साधनांनी आपोआप बनवलेल्या शोधयादीत तो संगणक ‘एक विंडोज संगणक’ म्हणून उमटेल आणि त्यामागे उभ्या असलेल्या, त्याच्याहून कितीतरी महाग यंत्राचा पत्ताही लागणार नाही. असा ‘रिकामा’ संगणक बदलायला कोणी आले, तर नव्या संगणकाला सीरियल पोर्ट असेलच असे नाही. लसींच्या फ्रिजला लावलेला तापमाननोंदक सिमकार्डावर चालत असेल, तर तोही यादीत येणार नाही. स्विच कोणत्या यूपीएसवर आहे आणि तो यूपीएस कोणत्या खोलीतल्या कोणत्या सॉकेटला लावला आहे, हे तर कोणतेच सॉफ्टवेअर सांगणार नाही.

आणखी एक अनुभवाची गोष्ट आहे. यंत्राचे सगळे पोर्ट, म्हणजे येथे वायरीची भोके नव्हेत तर नेटवर्कवरून आत शिरण्याचे क्रमांकित दरवाजे, एकामागून एक ठोठावणारा शोध जुन्या वैद्यकीय उपकरणांना सोसत नाही; काही उपकरणे त्याने अडकतात आणि बंद करून पुन्हा सुरू करावी लागतात. रुग्णाचा नमुना आत असताना हे झाले, तर त्याचा जाब तंत्रज्ञाला द्यावा लागत नाही, आम्हाला द्यावा लागतो.

एक्स-रेचे उदाहरण घ्या. डायकॉम या वैद्यकीय चित्रांच्या ठरलेल्या पद्धतीने चित्र पाठवायचे तर यंत्रात समोरच्या सर्व्हरचे एई टायटल (डायकॉममधले त्याचे नाव), त्याचा आयपी पत्ता आणि पोर्ट क्रमांक या तीनही गोष्टी जुळाव्या लागतात, आणि त्या बहुधा हाताने भरलेल्या असतात. इंटरनेट कंपनीचा माणूस पावसात जळालेला राउटर बदलून देतो, नवा राउटर वेगळी पत्तामालिका वाटू लागतो, बाकी सर्व संगणक निमूटपणे नवे पत्ते घेतात आणि एक्स-रेची चित्रे तेवढी पोहोचत नाहीत. त्या तीन ओळी कोठे लिहून ठेवल्या असतील तर काम काही मिनिटांचे असते. लिहिल्या नसतील तर यंत्राच्या कंपनीचा अभियंता येण्याची वाट पाहावी लागते, आणि हे चवथीच्या सुट्टीत घडले तर ती वाट किती लांबते हे गोव्यात वेगळे सांगायला नको.

इमारतींचेही लक्षात घ्या. आमच्यासारख्या शाखा जुन्या चिरेबंदी घरांत आहेत. जांभ्याच्या त्या रुंद भिंतींतून वायफाय पलीकडच्या खोलीत धड पोहोचत नाही, म्हणून वायर कधी खिडकीच्या चौकटीतून, कधी कौलांखालून नेलेली असते. मृगाच्या गडगडाटात पोर्ट जळाला की ती वायर शोधायला शिडी लावून वर चढावे लागते. नकाशात कौलांखालची वाट काढलेली असावी, हा हट्ट मला तरी रास्त वाटतो.

पोफळ

मी एका ट्रस्टचा हिशेब पाहतो आणि माझा विरोध नोंदींना नाही, खरेदी थांबवण्याला आहे. चार शाखांचा दवाखाना म्हणजे बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज नव्हे. येथे संगणकासाठी स्वतंत्र विभाग नाही आणि नोंदी लिहिण्याचे काम शेवटी ज्या सिस्टरच्या गळ्यात पडणार, तिच्याकडे लसीकरणाच्या नोंदवह्या आधीच पडून आहेत. त्याच पैशांत यूपीएसच्या बॅटऱ्या बदलता येतील आणि प्रत्येक शाखेत सिमकार्डावर चालणारी दुसरी जोडणी घेता येईल. रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटल्यावर रुग्णाच्या कामाला येईल ती ही दुसरी जोडणी. तुटलेल्या फायबरचा सुबक नकाशा येणार नाही.

शिवाय थांबण्याचीही किंमत असते. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नोंदी पूर्ण होण्याची वाट पाहत तेच संगणक आणखी काही महिने चालू ठेवायचे, हा कोणत्या सावधगिरीचा प्रकार आहे? दिल्लीच्या एम्सवर नोव्हेंबर २०२२ मध्ये सायबर हल्ला झाला आणि जवळपास दोन आठवडे काम कागदावर चालले. एवढ्या मोठ्या संस्थेत कागदपत्रांची उणीव असेल असे मला वाटत नाही.

खाजन

पोफळ, विंडोज १० चा मुद्दा वजनदार आहे आणि त्यावर मी पुन्हा विचार करीन. पण समितीच्या मागील बैठकीत असे संगणक चारही शाखांत मिळून किती आहेत, हा साधा प्रश्न विचारला गेला तेव्हा उत्तर मिळाले नाही. ज्यांची गणतीच नाही ते बदलण्यासाठी तरतूद किती करायची, हे हिशेब पाहणाऱ्यानेच मला सांगावे.

एम्सचे उदाहरण मात्र तुमच्या बाजूचे नाही. त्या हल्ल्यात पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती हल्लेखोरांनी सांकेतिक रूपात बदलल्याने कुलूपबंद झाली, आणि प्राथमिक तपासात नेटवर्कचे भाग योग्य रीतीने वेगळे केलेले नव्हते असे आढळल्याचे सरकारने संसदेत सांगितले. भाग वेगळे करायचे म्हणजे प्रतीक्षाकक्षातील लोकांचे वायफाय, नोंदणीखिडकी, प्रयोगशाळा आणि सर्व्हर यांच्यात भिंती उभारायच्या. कोण कोणाशी बोलते हे लिहिल्याशिवाय त्या उभारल्या, तर एक तर आवश्यक वाट बंद होते किंवा धोक्याची वाट उघडी राहते.

सुरंगी यांनी मांडलेली सीरियल केबलची बाब माझ्या आराखड्यात नव्हती; ती आता घालतो.

माटोळी

येथे सर्वजण नोंदी किती लिहायच्या यावर बोलत आहेत आणि त्या कोणाच्या हाती पडतील यावर कोणी बोलत नाही. संपूर्ण नेटवर्कचा नकाशा, पत्त्यांसह, उघड्या कपाटात ठेवणे म्हणजे चोराला घराची किल्ली आणि तिजोरीची जागा एकदमच सांगणे आहे. दवाखान्यात दिवसभर अनोळखी माणसे ये-जा करीत असतात आणि कपाटाचा फोटो काढायला क्षणही पुरतो. त्याहून वाईट प्रकार मी अनेक ठिकाणी पाहिला आहे: पासवर्डांसकट सर्व माहिती एका ऑनलाइन तक्त्यात असते आणि त्या तक्त्याचा दुवा सोडून गेलेल्या कंत्राटदाराकडे अजून चालू असतो.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये वाजवी सुरक्षा-उपाय न केल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. लहान ट्रस्टला तेवढा दंड होईल असे मी म्हणत नाही. परंतु रुग्णांची माहिती बाहेर गेल्यावर आपण कपाटाला कुलूप का लावले नव्हते, हे विचारले जाईल. दुसऱ्या बाजूला, सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि यंत्रांच्या लॉग-नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. कोणत्या यंत्राला बाधा झाली आणि त्याच्याशी काय काय जोडलेले होते हे ६ तासांत सांगायचे असेल तर यादी तयार हवीच, त्यामुळे मी नोंदींच्या विरुद्ध नाही. माझे म्हणणे असे की, भिंतीवर फक्त पोर्ट क्रमांक, खोलीचे नाव आणि तक्रारीचा दूरध्वनी एवढेच असावे. पत्ते व भागांची मांडणी दोघांच्याच हाती असलेल्या कुलूपबंद फाइलीत असावी. आणि पासवर्ड कोणत्याही कागदावर न ठेवता पासवर्ड साठवणाऱ्या प्रणालीत ठेवावेत, जिचा मुख्य पासवर्ड तेवढा मोहरबंद पाकिटात अध्यक्षांकडे राहील.

सुरंगी

म्हणजे काणकोणच्या सिस्टरला रात्री फोनवर जे वाचून दाखवायचे, तेच तिच्या हाती असणार नाही. कुलूपबंद फाइलीची किल्ली ज्या दोघांकडे, ते दोघेही म्हापशाला. माटोळी यांची भीती मी नाकारत नाही, पण शाखेतल्या माणसाला परके ठरवून केलेली सुरक्षा शाखेच्या उपयोगाची नसते. तिसरी किल्ली शाखेच्या प्रभारी सिस्टरकडे असावी, आणि ती वापरली की वहीत सही करावी.

भिरंड

सीरियल केबल आणि कौलांखालची वाट या दोन्ही गोष्टी शोधयादीत येणार नाहीत, हे मान्य आहे, आणि वैद्यकीय उपकरणांचा भाग शोधातून वगळावा हेही मान्य. तरीही मूळ आक्षेप कायम राहतो. वही कोण ताजी ठेवणार, याचे उत्तर या धाग्यात अजून कोणी दिलेले नाही. ‘सर्वांनी मिळून’ हे उत्तर नव्हे.

पोफळ

त्याचे उत्तर हिशेबात आहे, तंत्रज्ञानात नाही. कंत्राटदाराच्या प्रत्येक बिलातील काही भाग राखून ठेवावा, आणि त्याने केलेला बदल आराखड्यावर चढल्याशिवाय तो देऊ नये. चढला की नाही हे तंत्रज्ञाने न ठरवता शाखेतल्या सिस्टरने ठरवावे: तिने आराखडा हातात घेऊन सांगितलेला पोर्ट स्वतः शोधून दाखवला, तरच बिलावर सही करावी. यासाठी वेगळा माणूस लागत नाही आणि खरेदीही थांबवावी लागत नाही.

खरेदी सरसकट थांबवण्याविरुद्धच मी मत देईन. विंडोज १० चे संगणक शाखाशः मोजून लगेच बदलावेत. ही गणती एका फोनवर होते, तिला संपूर्ण नकाशाची गरज नाही.

खाजन

संगणकांपुरती ही सूट मी मान्य करतो आणि प्रस्तावात तशी दुरुस्ती करतो. रुग्णनोंदींच्या प्रणालीबाबत मात्र माघार नाही, कारण ती चारही शाखा एकमेकींना जोडल्याशिवाय चालणारच नाही आणि पत्त्यांचा घोळ तसाच ठेवून ती बसवणारा कंत्राटदार आपल्या सोयीने काहीतरी जोडून निघून जाईल. बिलातील भाग राखण्याची अट निविदेतच घालावी लागेल. तिसऱ्या किल्लीवर समितीत मतदान घ्यावे लागेल असे दिसते, कारण माटोळी यांच्यासारखे म्हणणारे सदस्य आमच्याकडेही आहेत.