प्रतिसाद: ओंडक्यांचं चर्च, पेतायावेसी

ज्या लेखावर हा प्रतिसाद देतोय, त्यात नॉर्वेच्या लाकडी चर्चचा उल्लेख आलाय, पण ती स्टेव्ह चर्च, म्हणजे उभ्या खांबांवर पेललेली. ओंडके आडवे रचून, कोपऱ्यात खाचा पाडून एकमेकांत अडकवायची पद्धत वेगळी. तिचा नमुना बघायचा तर फिनलंडमधलं पेतायावेसीचं जुनं चर्च. १७६३ ते १७६५ मध्ये याको लेप्पानेन या गावाकडच्या सुतारानं ते बांधलं, तेव्हा फिनलंड स्वीडनच्या राज्यात होता. शेजारचा घंटामनोरा १८२१ मध्ये त्याच्याच नातवानं उभारला. आजोबांचं काम नातवानं पुरं करायचं, हे मला तरी फार आवडलं.

व्यासपीठ सेंट ख्रिस्तोफरच्या लाकडी मूर्तीवर तोललंय. अंगण म्हणजे कबरस्तान, पलीकडे तळं. पूर्वी लोक होड्यांतून प्रार्थनेला यायचे, म्हणून जागाही काठाचीच निवडलेली.

१८७९ मध्ये नवं चर्च झालं आणि हे मागे पडलं. माझ्या मते त्यामुळेच ते वाचलं: वापरात राहिलं असतं तर 'सुधारणा' करून मूळ रूप पार घालवलं असतं. १९९४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. आत हीटिंग नाही, त्यामुळे जाणाऱ्यांनी उन्हाळाच धरावा.