जुळे सोलापुरात बंद गल्लीतलं शेवटचं घर घ्यावं का?

पूर्वभागवाला

नमस्कार मंडळी. जुळे सोलापूरला एक रो हाऊस बघितलंय, गल्लीतलं एकदम शेवटचं, त्याच्या पुढं रस्ताच नाही, भिंत आहे. आम्ही सध्या साखर पेठेत, जुन्या घरात, वाटण्या होऊन आमच्या वाट्याला जे काही आलं त्यात राहतो आणि आजूबाजूला यंत्रमाग, त्यामुळं बायको ती गल्ली बघूनच खूष झाली. हॉर्न नाही, रिक्षा नाही, पोरं भर रस्त्यात सायकली फिरवायलीत, एका दारात दोघी-तिघी शेंगा फोडत बसलेल्या. बाबांचं मात्र उलटं, त्यांचा सगळा जन्म मागावर गेला, खडखडाट थांबला की त्यांना झोपेतून जाग येते, ते म्हणाले हितं मला रात्री भीती वाटंल.

मालक ६८ लाख सांगायलाय, एजंट म्हणतो ६४ ला तुटेल. एनए (बिनशेती) प्लॉट आहे म्हणतात. कागदपत्रं वकील आणि बँक बघतीलच, माझा प्रश्न गल्लीचा आहे. सासरे म्हणायलेत रस्ता सरळ घराच्या अंगावर येतो, घेऊ नका. एजंट म्हणतो डेड एंड म्हणजे प्रीमियम लोकेशन, उलट दोन लाख जास्त द्यायला पाहिजेत. भिंतीपलीकडं रान आहे, बाभळी वाढल्यात. अशा गल्लीत राहणाऱ्यांनी सांगा, पाणी, गटार, पार्किंग, रोजचं कसं असतं?

कडकभाकरी

जो एजंट पहिल्या भेटीत ६४ म्हणतो तो ६० लाही येतो, घाई करू नको बे. आणि बाभळीच्या रानाला टेकलेलं प्रीमियम लोकेशन मी तरी पहिल्यांदाच ऐकलं.

नकाशावाला

लेआउटचे नकाशे काढून पोट भरतो म्हणून थोडं लांबड लावतो, वाचा.

शेवटचं घर चांगलं का वाईट हे नंतर, आधी गल्ली तिथं बंद का झाली ते शोधा, सगळं त्यावर आहे. आपल्याकडं मुद्दाम आखून बंद ठेवलेली गल्ली फार कमी. बहुतेक ठिकाणी काय होतं, एका शेतकऱ्याच्या गटात (गट नंबराच्या जमिनीत) लेआउट पडला, रस्ता गटाच्या हद्दीपर्यंत आला आणि शेजारच्या गटाचा मालक अजून विकायला तयार नाही किंवा त्यांचं कोर्टात चालू आहे, म्हणून तिथं रस्ता थांबला. मग कॉलनीवाले चोरी नको, जनावरं नकोत म्हणून वर्गणी काढून भिंत घालतात. ती भिंत म्हणजे काही कायदा नाही. उद्या त्या रानात लेआउट आला की पालिका दोन्हीकडचे रस्ते जोडूनच मंजुरी देणार, २०२० पासून लागू असलेल्या यूडीसीपीआरमध्ये (राज्याच्या बांधकाम नियमावलीत) शेजारच्या जमिनीतल्या रस्त्यांशी मेळ घालायचा नियमच आहे. म्हणजे आज जी शांतता तुम्ही विकत घ्यायलाय ती शेजारच्या शेतकऱ्याच्या मर्जीवर आहे, त्यानं मनात आणलं की तुमच्या हॉलसमोरून सिमेंटचे मिक्सर.

गल्ली नाल्यामुळं बंद असेल तर वेगळं. तिथं रस्ता सहसा फुटत नाही पण डास, वास, साप आणि पाऊस. एखाद्या संस्थेच्या किंवा सरकारी आवाराच्या भिंतीला टेकली असेल तर त्यातल्या त्यात बरं. आणि कुणीतरी रस्त्यातच खोली बांधून वाट अडवली असेल तर हात जोडून परत या.

तेव्हा मंजूर लेआउटची प्रत बघा. मालकानं दाखवलेली झेरॉक्स नको, पालिकेच्या नगररचना विभागातून रीतसर मागा, सोबत डीपीचा (शहराच्या विकास आराखड्याचा) भाग नकाशा पण घ्या म्हणजे पलीकडच्या रानावर रस्ता, आरक्षण काय आहे ते कळेल. लेआउटमध्ये रस्त्याचं टोक बघायचं. गोल किंवा चौकोनी वळायची जागा आखलेली असेल तर ती खरी बंद गल्ली. रस्त्याच्या दोन रेषा तशाच सरळ जाऊन हद्दीला चिकटल्या असतील तर ती गल्ली बंद नाही, फक्त अर्धवट आहे. घराला लागून मोकळा तुकडा असेल तर तो ओपन स्पेस आहे का अमेनिटी (सार्वजनिक सोयींसाठी ठेवलेली जागा) तेही बघा. ओपन स्पेसवर बाग, मैदान असंच काहीतरी राहतं, अमेनिटीवर उद्या शाळा नाहीतर दवाखाना उभा राहिला की पार्किंग तुमच्या दारात.

दुसरं म्हणजे उतार. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये बंद गल्लीबद्दल एक अट आहे जी आपल्याकडं कुणी वाचत नाही: गल्लीचं बंद टोक सुरुवातीपेक्षा उंच पाहिजे. लांबी साधारण १५० मीटरपर्यंत, आणि वळायला किमान ८१ चौरस मीटर जागा जिची कुठलीच बाजू ९ मीटरपेक्षा कमी नको. वळायच्या जागेचं कारण कळतं, टँकर, ॲम्ब्युलन्स, अग्निशमनची गाडी. उंचीचं कारण पावसाळ्यात कळतं, टोक खाली असेल तर अख्ख्या गल्लीचं पाणी शेवटच्या घरापुढं येऊन उभं राहतं आणि पुढं जायला वाट नसते. जाताना पाण्याची बाटली न्या आणि रस्त्याच्या मधोमध ओतून बघा कुठं जातं.

पद्माशाली_पोट्टा

रस्ता अंगावर येण्याला आमच्या तेलुगूत वीधी पोटु म्हणतात, आमची आजी अशा घरात पाहुणी म्हणून पण राहायची नाही. मी स्वतः मानत नाही पण एक लक्षात ठेव, तू नाही मानलंस तरी उद्या विकताना समोरचा मानणार. तेलुगू असो, कानडी असो, मराठी असो, सोलापुरात दहातले सात जण वास्तू बघूनच घर घेतात आणि तिथंच भाव पाडून मागतात. तू पण आज सासऱ्यांचं नाव सांगून तेच कर. आणि रात्री आठनंतर जाऊन हॉलमध्ये उभा राहा, गल्लीत शिरणाऱ्या प्रत्येक गाडीचा उजेड सरळ खिडकीतून भिंतीवर फिरतो का बघ, ते मात्र वास्तू न मानणाऱ्यालाही त्रास देतं. कंपाउंड उंच करून, झाड लावून भागतं म्हणा.

विजापूररोड_वहिनी

मी लग्न होऊन आले ती अशाच गल्लीतल्या शेवटच्या घरात, त्यामुळं नकाशाचं मला कळत नाही पण राहण्याचं सांगते.

चांगलं आधी. पोरं कुठं आहेत हे बघायला गेटपर्यंत जावं लागत नाही, गल्लीत अनोळखी माणूस शिरला की पहिल्या घरातल्या काकू विचारतात कुणाकडं आणि तो आमच्या दारात पोचायच्या आत आम्हाला फोन आलेला असतो. सासूबाई पडल्या होत्या तेव्हा आम्ही दोघंही बाहेर होतो, शेजारच्यांनीच उचलून दवाखान्यात नेलं, असं फ्लॅटमध्ये होईलच असं नाही. त्याची दुसरी बाजू अशी की तुमच्याकडं कोण आलं, किती वेळ बसलं, नवरा-बायको भांडले का, पार्सल कसलं आलं, सगळं सगळ्यांना माहीत. ज्याला हे चालत नाही त्यानं तिकडं जाऊच नये.

आता पाणी. आपल्याकडं काही दिवसांआड पाणी हे काही नवीन सांगायला नको, उजनी भरून वाहिली तरी आपला नळ आपला वार सोडत नाही. पण पाइपलाइन जिथं संपते तिथं घर असेल तर त्यातही आपला नंबर शेवटचा. पाणी सुटलं की गल्लीतल्या प्रत्येक घराची मोटार चालू होते आणि आपल्या नळातून नुसती हवा फुसफुसते. पुढच्यांचे हौद भरले की मग आपल्याकडं धार लागते, आणि तेवढ्यात चावीवाल्यानं चावी बंद केली की संपलं. आमच्याकडं मोठा हौद आहे, बोअर आहे, म्हणून निभतं. तुम्ही बघताय त्या घराला हौद किती मोठा, मे महिन्यात बोअरला पाणी असतं का, हे मालकाला विचारू नका, त्याच्या शेजाऱ्याला विचारा. आणि पाण्याच्या दिवशीच बघायला जा.

घंटागाडी आत येत नाही, कोपऱ्यावरच गाणं वाजवत थांबते, बादली घेऊन पळायचं. टँकर उलटा येतो. वळायची जागा कागदावर असते पण तिथं ज्यांच्या गेटात गाडी मावत नाही त्यांच्या गाड्या असतात, आणि शेवटच्या घराला सगळ्यात जास्त भांडण त्यावरूनच होतं. पाहुणे आले की गाडी मागं घेत घेत पार तोंडापर्यंत. गणपतीत मांडव आमच्याच दारात, कारण रहदारी अडत नाही ना. दहा दिवस स्पीकर आमच्या बेडरूमकडं तोंड करून, आणि मंडळाचे अध्यक्ष आमचेच दीर, मग तक्रार कुणाकडं करणार.

कुत्री राहिलीच. गल्लीभरची कुत्री रात्री टोकालाच झोपतात.

मुरूमभर

सिव्हिलवाला आहे, एकच गोष्ट. काळी माती. आपली काळी पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आवळते, पाया मुरमापर्यंत नेला नसेल तर घर दरवर्षी थोडं थोडं हलतं. खिडक्यांच्या कोपऱ्यातून तिरक्या गेलेल्या भेगा बघा. घर विकायच्या आधी नवीन रंग मारलेला असतो, तेव्हा खोलीतलं कपाट सरकवायला लावा, पाठीमागची भिंत सहसा रंगवायची राहते. आणि शेवटच्या घरापुढं पाणी साचत असेल तर ही माती वर्षातून चार महिने भिजलेली, म्हणजे दुप्पट त्रास. रो हाऊस आहे म्हणजे एक भिंत शेजाऱ्याशी सामाईक असणार, त्याच्याकडची भेग पण तुमचीच.

पूर्वभागवाला

सगळ्यांना धन्यवाद, एवढं लिहाल वाटलं नव्हतं. रविवारी परत जाऊन आलो, नकाशावाले म्हणाले तसं बाटली ओतली. एजंट हसायला लागला, पण पाणी थोडं थबकलं आणि मग सरळ आमच्या, म्हणजे त्या घराच्या गेटाकडं निघालं की हो. मग नीट बघितलं तर शेजारच्याच्या कंपाउंडला बाहेरून वीतभर उंचीवर मातकट रेघ आहे, आणि आमच्यावाल्या घराला तेवढ्याच उंचीपर्यंत नवीन टाइल बसवलीय. शेजारी भला माणूस, म्हणाला २०२० च्या ऑक्टोबरात तो मोठा पाऊस झाला तेव्हा मोटारसायकल पायरीवर चढवून ठेवली होती, एरवी एवढं येत नाही, सप्टेंबरात एखाद दिवस घोट्याएवढं असतं.

लेआउटची प्रत एका ओळखीच्या आर्किटेक्टकडून बघायला मिळाली, रीतसर अर्ज पण दिलाय. रस्ता ९ मीटर, आणि दोन्ही रेषा सरळ हद्दीपर्यंत गेल्यात, भिंतीचं नाव नाही, वळायची जागा पण नाही. पलीकडचा गट वेगळाच आहे, तिथं भावाभावांचा वाद चालू आहे म्हणे. कपाट सरकवायचं धाडस झालं नाही, मालकाची आई त्याच खोलीत झोपली होती.

बायकोचं मन अजून तिथंच आहे. आता काय करू?

नकाशावाला

मग ही अर्धवट गल्ली आहे, बंद नव्हे. भावांचा वाद मिटला की रस्ता फुटणार, पाच वर्षांनी नाहीतर पंधरा, ते कुणी सांगू शकत नाही. रस्ता फुटला म्हणजे घर वाईट होतं असं नाही, उलट काहीजण त्याचे जास्त पैसे देतील, आणि पाण्यालाही कदाचित पुढं वाट मिळेल. पण तुम्ही घेताय शांततेसाठी, आणि शांततेची किंमत मोजून वर पाण्याचा त्रास घ्यायचा यात मला राम दिसत नाही. साध्या चालू रस्त्यावरच्या घराचा तिथं जो भाव असेल त्यातून समोरची गटार आणि प्लिंथचा (जोतं उंच करायचा) खर्च वजा करून बोला, तेवढ्यात दिलं तर घ्या. किंवा त्याच गल्लीत तोंडाकडचं, चढावरचं घर शोधा. शेजारी तेच, गल्ली तीच, पावसाचं पाणी दारावरून पुढं निघून जातं आणि नळाला पाणी आधी येतं.

विजापूररोड_वहिनी

नकाशावाल्यांना अनुमोदन. आणि बाबांना एकदा तिकडं दुपारी घेऊन जा, भाऊ. त्या शेंगा फोडणाऱ्यांतल्या एकीच्या सासऱ्यांशी गाठ घालून द्या, पारावर बसायला माणूस मिळालं की मागाचा आवाज लागत नाही.

हिशेबी

कुठलंही घेतलंत तरी वहिनींच्या एकटीच्या नावावर घ्या. आपल्या पालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ५ टक्के आणि वर १ टक्का स्थानिक संस्थेचा अधिभार, बाईच्या नावावर राहतं घर घेतलं की त्यात १ टक्क्याची सूट. ६४ लाखांवर सरळ ६४ हजार वाचतात. नोंदणी फी ३० हजारांच्या वर जात नाही. आणि ५० लाखांच्या वर व्यवहार म्हणजे विकणाऱ्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस (आयकर) तुम्हालाच कापून भरायचाय, हे एजंट सांगत नाहीत आणि नंतर नोटीस येते. गल्लीत जुने गुंठेवारीचे (मंजुरीशिवाय गुंठ्यागुंठ्यानं विकलेले) प्लॉट असतील तर नियमितीकरणाचा दाखला असल्याशिवाय बयाणा देऊ नका.

पूर्वभागवाला

शेवटच्या घराला नाही म्हणून कळवलं. एजंटनं लगेच ५९ वर आणलं, कडकभाकरी तुझं खरं निघालं बे. तरी नको म्हटलं. त्याच गल्लीत तोंडाकडून तिसरं घर, मालक पुण्याला मुलाकडं जायच्या विचारात आहेत असं त्या शेजाऱ्यानंच सांगितलं. फोन केला तर म्हणाले दिवाळीनंतर बघू. हौद मोठा आहे, बोअर आहे, भेगांचं बघायचंय. मुरूमभर, तुम्ही फी घेऊन एकदा घर बघून द्याल का?

मुरूमभर

देतो की. फी नको, मेसेज टाका. फक्त मालकांना आधीच सांगून ठेवा की कपाट सरकवणार आहे.